परसातली तार

बाजीराव,

मी पहिल्या पाळीला जातो. उधन्याहून गवंडी आज येईल. परसाबद्दल तुम्हा नवराबायकोची कुजबुज ऐकून कान किटले. आई गेली, आता आबांना वाईट वाटेल म्हणून तिचं काही हलवायचं नाही, असं तुला सांगितलं कोणी? धुण्याचा दगड गटारीजवळ घे, म्हणजे पाणी चुलीपर्यंत येणार नाही. न्हाणीला पत्र्याचा आडोसा करून घे. कपड्यांची तार तुझ्या आईच्या उंचीची आहे. सूनबाईच्या साड्या मातीत लोळतात आणि ती मुकाट्यानं पुन्हा धुते. दिसत नाही का तुला? तार हातभर वर बांध. काल मीच बांधणार होतो, पण तुझ्या आईनं मारलेली गाठ माझ्या हातून सोडवली गेली नाही. मी मिलमधून यायच्या आत उरकून टाक.

आबा