सातशेला बिझी म्हणायचं

२ जून
नवी नोकरी, नवी खुर्ची, शेजारी खिडकी. पन्नाशीतल्या माणसाने आणखी काय मागावं? कंपनी इंटरनेटवरून फोन जोडते. कोणी नंबर फिरवला की आमचं यंत्र पलीकडे निरोप धाडतं आणि उत्तरादाखल आकडा येतो. दोनशे म्हणजे उचलला, चारशे चार म्हणजे असा नंबरच नाही. आकड्याशेजारी एक वाक्यही असतं. ते ना यंत्र वाचतं, ना माणूस. अनपेक्षित आकडा आला तर काय करायचं, ते मी ठरवणार. थोरल्या बहिणीला, ताईला, फोन करून सांगितलं. ती परगावी एकटी राहते, फोन आमच्याच कंपनीचा. म्हणाली, चला, तुझं उत्तर विचारणारं कोणीतरी भेटलं.

५ जून
मी ठरवणार म्हणे! साहेबांनी आधीच ठरवलंय. अनोळखी आकडा आला की ग्राहकाला 'बिझी' ऐकवायचं. रोग रेड्याला, औषध पखालीला. मी हरकत घेतली. साहेब म्हणाले, "चालतंय हो. पलीकडचा बोलतोय असं वाटलं की लोक गप्प बसतात."

९ जून
बिझीखाली दडपलेलं उकरून काढलं. सातशे. सातशे! आमच्या नियमांत सहाशेंच्या घरापुढे आकडाच नाही. शेजारचं वाक्य वाचलं: 'घरात आहे. उचलू देत नाही.' कुणा टवाळाचा उद्योग म्हणावा, तर एकदा सातशे आलेल्या नंबरावरून पुन्हा दोनशे आलेलं नाही. एकाही नंबरावरून नाही. साहेबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, बिझी ऐकू जातंय ना, मग झालं तर.

१२ जून
ताई सकाळपासून बिझी. ताई! जी दूध उतू जातंय म्हणून माझाही फोन आपटते. पडद्यावर पाहिलं. सातशे. 'ताई घरात आहे. उचलू देत नाही.'
तिला ताई फक्त मी म्हणतो.
जुन्या नोंदी पाहिल्या, मंगळवारपासून हेच. तिच्या मैत्रिणी बिझी ऐकून निवांत. साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. ते म्हणाले, रजेचा अर्ज द्या. या माणसाचं घर जळत असलं तरी हा म्हणेल, ऊब चालतेय.
तिच्या शेजारीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तुमच्या बहीणबाई आत बोलतायत की, आवाज येतोय, म्हणून बेल नाही वाजवली. मी म्हटलं, आत्ता वाजवा.
थोड्या वेळाने त्यांनाच लावला. सातशे.

१३ जून, बसमध्ये
निघण्याआधी बिझी उखडून टाकलं. ज्याला जे उत्तर येईल ते त्याला दिसू दे. साहेबांनाही. करू देत चौकशी.
ताईला पुन्हा लावला. आता माझ्या मोबाइलच्याच पडद्यावर वाक्य —
'भाऊ निघाला.'

दुपार
तिच्या पायरीवर. दार नुसतं लोटलेलं. शेजारीणबाईंचंही. बाहेर ऊन, पोरांचा खेळ. कोणाला काही — इतके दिवस बिझी ऐकून सगळे सुखात. मेल्यांनो —

ताई खिडकीत. बघतेय माझ्याकडे. ओठ मिटलेले. मानेनं नको, नको —
पण तिचा आवाज आतल्या खोलीतून. मला हाक मारतोय. गोड. ताई कधी गोड बोलली नाही मला जन्मात.

कळतंय, जाऊ नये. आणि तिला इथं टाकून — त्या साहेबासारखं, चालतंय म्हणून —

नाही. उचलू देत नाहीस काय, हलकटा, बघतोच —

दार ढकललं. आवाज थांबला. ताईचा हात धर