जपानी बसवण्याचं काम

६ जानेवारी, सोमवार. सकाळी.
नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण पक्का. माझं टायपिंगचं दुकान, अनीस ग्राफिक्स, बंद होणार नाही. लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, अर्ज लोक मोबाईलवर बोलून लिहितात, तरी बंद होणार नाही. बायकोचं, सालेहाचं, रोजचं टुमणं चालू आहे. तिचा भाऊ इरफान बोलावतोय, अक्कलकुव्याला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे, काउंटरवर बसा. इरफान मला 'मास्टर' म्हणतो आणि हसतो. टायरच्या दुकानात मी बसणार नाही. विषय संपला.

संध्याकाळी.
अल्लाहने ऐकलं. मिरचीचे व्यापारी नवनीतशेठ आले. जपानमधल्या कुणा ओकुमुरासाहेबांना त्यांची सुकी मिरची हवी आहे. ईमेल, पाकिटांवरची लेबलं, सगळ्याला कायमचा माणूस पाहिजे. शेठ इंग्रजी ईमेल करून घ्यायला आले होते. मीच म्हटलं, जपानी माणसाला जपानीतच लिहू. शेठ म्हणाले, अनीसभाऊ, तुले जमी का? नही जमनं तं आतेच सांग. म्हटलं, शेठ, फॉन्ट तर टाकायचाय फक्त.

७ जानेवारी
सालेहाने विचारलं, आपको जापानी आती है? म्हटलं, इंग्रजी तरी कुठे येत होती? माझ्या इंग्रजी अर्जांवर निम्म्या जिल्ह्याची कामं झाली. टायपिस्टला भाषा यायची गरज नसते, बोटांना आली की पुरे.

मराठीचंही तेच. फॉन्ट टाकला, कुठल्या बटणाला कुठलं अक्षर त्याचा तक्ता भिंतीला चिकटवला, झालं. आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा सदरा घालतो. आता जपानी सदरा घालायचा. दोन दिवसांचं काम.

९ जानेवारी
जपानी फॉन्ट टाकला. टाईप केलं. इंग्रजी उमटलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. इंग्रजी. फॉन्ट डुप्लिकेट असणार. तोवर तक्त्यासाठी चार्टपेपर आणून चौकटी आखल्या. अक्षरं मावेनात. दुसरा चार्टपेपर आणला.

१२ जानेवारी
व्हिडिओत समजलं की फॉन्टने भागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती भाषा आणि तिचा कीबोर्ड जोडावा लागतो. जोडला. त्याच यादीत चिनी दिसली, तीही जोडून टाकली. उद्या चीनने मिरची मागितली तर धावपळ नको.

१४ जानेवारी, संक्रांत
वाट लागली. दगूबाई घरपट्टीचा अर्ज टाईप करायला आल्या. अर्ज मराठीत सुरू झाला, तिसऱ्या ओळीला जपानी झाला. घाबरून दोन-चार बटणं दाबली तर चिनी झाला. दगूबाई वाकून बघत म्हणाल्या, भाऊ, मन्हं नाव असं वाकडं नही शे. शेवटी अर्ज हाताने लिहून दिला. त्यांनी मलाच तीळगूळ दिला. चेहरा बघून दिला असावा.

शेठचा फोन आला, झाये का? म्हटलं, फिनिशिंग चाललंय.

१७ जानेवारी
जमलं! जमलं! जमलं!
इंग्रजी अक्षरांत mirchi लिहिलं आणि डोळ्यांदेखत जपानी झालं! म्हणजे मी मराठीतच लिहीत जायचं, जपानी करायचं काम कॉम्प्युटरचं. एवढं सोपं असतं हे कुणी बोललं का नाही? स्पेस दाबला की प्रत्येक शब्दाचे वेगवेगळे नमुने समोर येतात. मी दर वेळी सगळ्यात भरगच्च नमुना घेतला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला किरकोळ अक्षर बरं दिसत नाही.

शेठनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, भारी शे. ईमेल पाठवला. सालेहाला सांगितलं, भाईजानना कळव, मास्टर येणार नाही.

२० जानेवारी
ओकुमुरासाहेबांचं उत्तर आलं. मराठीत.

"आदरणीय महोदय, आपल्या पत्राचा अर्थ आम्हाला लागला नाही, मात्र उच्चार मराठी वाटले. आम्ही भाषांतर करणारे यंत्र वापरतो, तरी कृपया आपल्या मातृभाषेत लिहावे. मिरचीतील ओलावा व तिखटपणा शुक्रवारपर्यंत कळवावा."

दोनदा वाचलं. मग विचार केला, यात वाईट काय? जपान मराठीवर आलं! मराठी म्हणजे आपलं अंगण. पंचवीस वर्षांत मराठी टायपिंगमध्ये माझा हात धरणारा या जिल्ह्यात झाला नाही. दुकान वाचलं.

२२ जानेवारी
मराठी पत्र टाईप केलं. नेहमीचा फॉन्ट, ठळक मथळा, चारी बाजूंनी वेलबुट्टी. ईमेलमध्ये उतरवलं. स्क्रीनवर एक वेलांटी इकडची तिकडे नाही. शेठना वाचून दाखवलं. त्यांनी पाठ थोपटली. पाठवलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
उत्तर आलं तेव्हा शेठ समोरच बसले होते.

"आपण पाठवलेली इंग्रजी अक्षरे वाचता आली नाहीत. यंत्राच्या मते ती कोणत्याही भाषेतील नाहीत."

खाली माझंच पत्र जोडलेलं होतं. फॉन्टचा सदरा इथेच राहिला होता. तिकडे नुसते कंस, टिंबं आणि उलटसुलट एबीसीडी पोचली होती.

शेठनी खिशातून मोबाईल काढला, तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, मिरची वाळेल शे, ओलावा दहा टक्का शे, तिखट बी भलती शे. मोबाईलने जे लिहिलं तेच पाठवून दिलं. मी चहा सांगितला. चहा यायच्या आधी ऑर्डर आली.

जाताना शेठनी खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर सोपं गेलं असतं. जपानीत नापास झालो असतो तर चारचौघांत हसून सांगितलं असतं. मी मराठीत नापास झालो. फार लाज वाटते.

२७ जानेवारी. अक्कलकुवा.
इरफानने काउंटरवर बसवलं. समोर कॉम्प्युटर ठेवलाय. त्याने विचारलं, मास्टर, बिल टाईप करोगे?
म्हटलं, हाताने लिहितो.