डोंगरात घुमलेलं आडनाव

सॅक्रामेंटो, ८ जून १९९८

ती. युकलान आत्यास,
कोरिनचा सा. न. वि. वि.

तुझा केक पोचला. अर्धा बाबांनीच फस्त केला. शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी आपल्या चिनी आडनावाची ‘Ng’ ही इंग्रजी अक्षरं सुटी वाचून मला ‘कोरिन एन-जी’ असं पुकारलं आणि अख्खा हॉल हसला. लहानपणापासून हेच चाललंय. आता मी अठरा वर्षांची झाले. कॉलेज सुरू व्हायच्या आत कोर्टात अर्ज करून ‘ङ’ काढणार आणि ‘नॅश’ लावणार. बाबांना सांगितलं, तर ते नळ दुरुस्त करत बसले. मग एवढंच म्हणाले, की रविवारी डोंगरावर जाऊ. तू समजाव ना त्यांना!

लोभ असू दे, रागावलीस तरी.
तुझी कोरिन

सॅन फ्रान्सिस्को, ११ जून

चि. कोरिनला अनेक आशीर्वाद.

नॅश? अगं, दातांच्या डॉक्टरची पाटी वाटते! असो, नाव तुझं, मर्जी तुझी. पण माझ्या भावाला तोंडाने सांगता येत नाही, ते तो चालत दाखवतो. मुकाट्याने जा त्याच्याबरोबर. आणि स्वेटर ने.

तुझी भांडखोर आत्या,
युकलान

सॅक्रामेंटो, १५ जून

ती. आत्यास सा. न.

स्वेटर नेला म्हणून वाचले. वर जुन्या रेल्वेचा बोगदा आहे, आता रूळ काढलेत. आत काळोख, जूनमध्येही बर्फ, वरून टपटपणारं पाणी. बाबांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला. ग्रॅनाइटमध्ये सुरुंगासाठी पहारीने पाडलेल्या भोकाची अर्धी खाच होती. माझं बोट तिच्यात नीट बसलं. रेल्वेसाठी हा अख्खा डोंगर सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या चिनी मजुरांनी हातांनी फोडलाय गं!

आपल्या घरातलं कुणी होतं का, असं विचारलं. बाबा म्हणाले, कसं कळणार? त्यांची नावं कुणी लिहूनच घेतली नाहीत.

मग त्यांनी आपलं आडनाव घेतलं. खोल, घशातून, लांबवत. ते साऱ्या बोगद्यात घुमत गेलं. मीही घेतलं. इतकं मोठं ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

बरोबर नेलेला कोर्टाचा अर्ज तिथेच फाडला. कॉलेजात चुकतील, त्यांना शिकवीन.

गाडीपाशी आल्यावर मी म्हटलं, बाबा, पुन्हा एकदा आत जाऊ या का? ते वाटच बघत असल्यासारखे वळले.

तुझा जीव आहेच माझ्यावर, तसाच राहू दे.
तुझी भाची,
कोरिन ङ