एकोणिसाव्या गठ्ठ्यातली सही

मंगळवार, ता. ९

धाकट्या,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. घरी ठीक आहे. तुझा घसा उत्तम असणार. परवा चौकातल्या सभेत आम्हा सरकारी नोकरांना तू "राजधानीने पाळलेले पोपट" म्हणालास, तेव्हा तर खणखणीत होता. मी समोरच भाजी घेत होते. भाजीवाली म्हणाली, "ताई, पोपटांना मिरच्या किती घालू?" सगळे हसले. मीही हसले. करते काय?

आता कामाचं. आपल्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून तुम्ही गोळा केलेल्या सह्या तपासायला आमच्या कचेरीत आल्या आहेत. शंभर-शंभर अर्जांचा एकेक गठ्ठा. त्यात एक सही खोटी निघाली की अख्खा गठ्ठा बाद, हा नियम तुला पाठ आहे. मागणी दिल्या मुदतीत पुढे जायला जितक्या सह्या लागतात, त्यापेक्षा तुमच्याकडे जेमतेम साठ जास्त आहेत, हेही.

एकोणिसावा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. त्यात आईचा अर्ज होता. सही सुरेख, शेवटच्या अक्षराला तोच लांब फराटा, जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळणारी. मी गणितात नापास झाले होते तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर तू हुबेहूब अशीच करून दिली होतीस. दोन दिवस मी तुला डोक्यावर घेऊन नाचत होते.

आईचा उजवा हात आठ महिने झाले, उचलत नाही. अर्धांगाचा झटका आला. आता ती डाव्या हाताचा अंगठा उठवते. तीन वर्षं तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. तुला कुठून ठाऊक असणार?

"मला कोणी कळवलं नाही," असं म्हणशील. खरं आहे. झटका आला त्या दिवशी वाकड्या तोंडाने ती तुलाच हाक मारत होती. फोन माझ्या हातात होता. पण आदल्याच आठवड्यात तुझ्या कार्यकर्त्यांनी आमच्या दारावर "गद्दार" असं रंगवलं होतं, अजून वास गेला नव्हता. मी फोन खाली ठेवला. तिला सांगितलं, तो दौऱ्यावर आहे. आजही तेच सांगते.

गठ्ठा मी बाद केला.

आणखी एक सांगायचं राहिलं. नात्यातल्या कोणाचा अर्ज निघाला तर गठ्ठा पलीकडच्या टेबलावर द्यायचा असतो. पलीकडच्याने जुनी नोंद पाहिली असती, शिक्का मारला असता आणि तू सुटला असतास. साहेबांनी विचारलंही, "बाई, यात तुमचं कोणी नाही ना?" मी म्हटलं, "कोणी नाही." हे पत्र त्यांना दाखवलंस तर माझी नोकरी जाईल. खुशाल दाखव.

शुक्रवारी अकराला सुनावणी आहे. अर्जदाराने स्वतः हजर राहून "हे माझ्या संमतीने झालं" असं सांगितलं, तर गठ्ठा पुन्हा मोजणीत धरतात. अर्जदाराला आणायची जबाबदारी तुमची. काल मी तिला सरळ विचारलं, "आई, तुला हवंय का वेगळं राज्य?" निम्मे शब्द गिळत म्हणाली, "मागतंय कोण? तोच ना? मग समोर येऊन माग म्हणावं." तू समोर आलास तर ती हो म्हणेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

दुसरा मजला, जिना अरुंद. तिला उचलूनच खाली न्यावं लागेल. कार्यकर्ते पाठवलेस तर दार उघडणार नाही. तू आलास तर उघडेन. बोलणार मात्र नाही. तिला उचलायला आता एक माणूस पुरतो.

ताई