नोरीनचे हात

प्रिय लायनल,

झीहानहून तुझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, नमस्कार. गुडघा कसा आहे? (आईच्या अंत्यविधीत नोरीनने कॅमेरा उभा केला म्हणून तू रागावून गेलास, त्याला सहा वर्षं झाली. एव्हाना गुडघा तरी निवळला असेल.) पत्रास कारण तसं काही मोठं नाही.

होबार्टच्या संग्रहालयातून ताम्सिन नावाची मुलगी नोरीनच्या कामाचं चित्रीकरण करायला आली. जुन्या रीतीने काचेवर फोटो काढणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी (बोटांचा विषय पुढे येईल), म्हणून तिला सगळं हातांचंच काम टिपायचं होतं. आणि आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? रसायनांनी चाळीस वर्षं काळी पडलेली बोटं पाहुणीसमोर बरी दिसत नाहीत, म्हणून सकाळीच लिंबू घेऊन घासघासून लख्ख केली! ताम्सिनचं तोंड उतरलं. तिला काळेच हात हवे होते. शेवटी मी बुटाचं पॉलिश आणलं.

खरी पंचाईत पुढेच. काचेवर औषध ओतून ती चारही कोपऱ्यांकडे कलवायची असते, हात जराही हलून चालत नाही. नोरीनचा थरथरला. तीन काचा वाया गेल्या. वर्षभर हे चाललंय, लायनल, आणि मी वेडा ते थंडीवर ढकलत होतो. ती म्हणाली, "क्लेम, तूच ओत. चाळीस वर्षं माझ्या काचा पुसतोयस, एवढं तरी शिकला असशील." मी ओतलं, आणि झकास ओतलं. ताम्सिनचं लक्ष काचेवर, माझं ताम्सिनवर. संध्याकाळी तिघं पाहायला बसलो, तेव्हा कुठे ध्यानात आलं, की पडद्यावरच्या नोरीनला डाव्या हाताला चारच बोटं आहेत. (माझं पाचवं लाकूडगिरणीने घेतलं, तुला ठाऊकच आहे.) नोरीन इतकी हसली की चहा सांडला. मग कप बाजूला ठेवला. "म्हणजे माझे हात कुठेच राहणार नाहीत," म्हणाली.

तुझा,
क्लेम

ता. क. तुझे हात थेट नोरीनसारखे, दोघांचेही आईवर गेलेले. ताम्सिन गुरुवारी पुन्हा येते आहे. दहाही बोटं घेऊन ये. पॉलिश आहे.

पुन्हा ता. क. वरचं खोटं आहे. ताम्सिन येणार नाही. नोरीननेच तिला सांगितलं, माझे हात थरथरतात तसेच दाखव, आणि ताम्सिनने दुसऱ्या दिवशी ते तसेच टिपले. पण डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यानंतर नोरीनला काच धरता येणार नाही. एक चांगली काच तिने बाजूला ठेवलीय, वर तुझ्या नावाची चिठ्ठी आहे. ओतणार तीच. तू फक्त फोटोसाठी खुर्चीत आठ सेकंद गप्प बसायचं. सहा वर्षं जमलंच आहे की तुला.