धाकटीचं पडणं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय गाणं आणि हसवणं, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. कानांनी थोडं कमी ऐकू येतं. डोकं ठिकाणावर आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझ्या स्वरलिपीच्या अकरा वह्या त्या वर्तमानपत्रातल्या समीक्षकाला द्याव्यात, ज्याने आमच्या कार्यक्रमाला ‘शास्त्रीय गाण्याची विटंबना’ म्हटलं होतं. मी गंभीर चेहऱ्याने गाणं सुरू करायचं आणि माझ्या धाकट्या जावेने पिसांचा गळपट्टा उडवत, कॅबरेच्या ठेक्यावर मध्येच घुसायचं, हा आमचा सव्वीस वर्षांचा खेळ. तिने नेमकं कुठल्या मात्रेवर घुसायचं, तेही त्या वह्यांत लिहिलेलं आहे. त्याने वाचावं आणि गप्प बसावं.

२. बँकेतली ठेव आणि दागिने मुलाला. ‘आई गाण्याच्या शिकवण्या घेते’ असं तो मित्रांना सांगत आला, त्याचा राग मी सोडला आहे. अगदी सगळा नाही.

३. हे राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते पियानोसकट माझ्या जावेला भरपाई म्हणून द्यावं. मुलाने हरकत घेऊ नये, यासाठी कारण लिहिते. प्रत्येक प्रयोगात ती पियानोच्या झाकणावर चढायची आणि मी वरचा सूर लावला की डावीकडे, गादीवर पडायची. शेवटच्या प्रयोगात ती उजवीकडे पडली. तिकडे गादी नव्हती. लोक पोट धरधरून हसत होते. तिला खरंच लागलंय हे मला त्याच क्षणी कळलं, तरी मी गाणं पूर्ण केलं. चांगली चार मिनिटं. तसा हशा आम्हाला कधीच मिळाला नव्हता आणि मला तो सोडवेना. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गेली नऊ वर्षं ती काठी घेऊन चालते आणि येईल त्याला सांगते, “ताईला बिचारीला कळलंच नाही.” मला स्वतःची लाज वाटते.

४. एवढं लिहून झाल्यावर मी तिला बोलावलं आणि कलम तीन वाचून दाखवलं. मी मेल्यावर वकिलाच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं. झालेलं बोलणं जसंच्या तसं नोंदवते.

“मला माहितीये,” ती म्हणाली.

“काय माहितीये?”

“पडल्या पडल्या तुझ्याकडेच बघितलं मी. तू मान फिरवलीस.”

“मग नऊ वर्षं लोकांना खोटं का सांगत होतीस?”

“लोकांना कुठे? तू शेजारी असलीस तरच म्हणायचे. म्हटलं, आज ना उद्या तोंड उघडशील.”

मला रडू आलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, “घर घेईन, पण भरपाई म्हणून नाही. ते खोड.” त्यानुसार ते दोन शब्द खोडले असून समासात माझी सही आहे. घर तिला, ती माझी जाऊ आहे म्हणून.

मला माफ केलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “ते मी माझ्या मृत्युपत्रात लिहीन. वाचायचं असेल तर माझ्यापेक्षा जास्त जग.”

स्थळ : याच घराचं स्वयंपाकघर
दिनांक : ९ जून, मंगळवार, सकाळी अकरा

सही : थोरली

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही :
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. आमचे झगे शिवणारा शिंपी (सही)