समाप्तीनंतरचं रीळ

प्रिय ऑपरेटर,

अकरा वर्षांपूर्वी नेलेली माझी छत्री तू परवा पार्सलने परत पाठवलीस, आभारी आहे. मूठ मात्र ठेवून घेतलीस. मूठ नसलेली छत्री म्हणजे धातू हरवलेलं क्रियापद. उघडते, पण धरायचं कशाला ते कळत नाही. मूठ पाठव, नाहीतर लेखी कारण कळव. दोन्ही न केल्यास मैत्रीचा फेरविचार करण्यात येईल.

लेकीच्या जहाजाची खबर तू मी फोन केला की विचारतोस. तिचा शेवटचा निरोप येऊन आज एक्काहत्तर दिवस झाले. इंजिनरूममध्ये उकडतंय, एवढंच होतं त्यात. लहानपणी थिएटरात तुझ्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून सिनेमा बघायची, तेव्हाही हीच तक्रार असायची तिची.

मध्यंतरी, तू दर उन्हाळ्यात लावायचास त्या अंतराळपटाला चाळीस वर्षं झाली म्हणून एका मासिकाने माझ्याकडे लेख मागितला. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. अवकाशातली शांतता शांतताच ठेवायची हिंमत त्याने पहिल्यांदा केली. दूरच्या तळावर एकटा राहिलेला बाप, पृथ्वीवरची मुलगी, आणि दोघांच्या निरोपांमधलं वाढत जाणारं अंतर. बाप प्रत्येक निरोपाच्या शेवटी म्हणतो ते 'पोच द्या' आपल्या गावाने असं उचललं की किराणावालासुद्धा पिशवी हातात देऊन पोच मागायचा. आणि तो शेवट! तळावरचे दिवे एकेक करून विझतात, बाप हाका मारत राहतो, 'समाप्त'ची पाटी येते, लोक चपला शोधायला वाकतात, आणि तेवढ्यात मुलीचा आवाज येतो. मग नुसता पांढरा पडदा. त्या धाडसावर मी तीन व्याख्यानं झोडली आहेत. आमच्या जुन्या नाटकांनाही शेवट गोडच लागायचा, तेव्हा परंपरेचा दाखलासुद्धा दिला होता.

लेखासाठी स्वच्छ केलेली नवी प्रत मागवली. तिच्यात आवाज आधी आणि अंधार नंतर. पाटीनंतर काही नाही. तुला फोन केला, तर तू हसत कबूल केलंस की शेवटच्या दोन रिळांच्या डब्यांची झाकणं अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, पण लोक डोळे पुसत, हसत बाहेर पडत होते, म्हणून तशीच ठेवलीस. दर उन्हाळ्यात. धन्य आहेस. माझी तीन व्याख्यानं तुझ्या झाकणांवर उभी होती.

ही प्रत हिच्यासोबत बघितली, ही माझी चूक. पाटी आली तशी मी दिवा लावायला उठलो. ही म्हणाली, बसा हो, अजून आवाज यायचाय. आम्ही काळ्या पडद्यासमोर बराच वेळ बसलो. शेवटी म्हणाली, यांनी चुकीचं जोडलंय. ऑपरेटरभावजींना विचारते, त्यांच्याच हातातून गेलाय तो. तेव्हापासून रोज तुझा नंबर मागते आणि मी रोज चष्मा शोधतो.

आता पत्राचं कारण. जहाजाच्या कंपनीचं पत्र मंगळवारी आलं. शोध थांबवला आहे. जहाजावरच्या सर्वांना मृत धरावं, असं त्यात आहे. भाषा चांगली आहे, एकही चूक नाही. मी ते शब्दकोशात ठेवलंय, तिथे हिचा हात जात नाही. आज ना उद्या नंबर तिला सापडेल. तुझा क्रम खरा म्हणालास, तर ती या पत्रानंतरही फोनजवळच्या खुर्चीतून उठायची नाही. खोटा म्हणालास, तर उठेल, पण उठून जाईल कुठे? काय सांगायचं ते तू ठरव, मला ठरवता येत नाही. आणि काळजी फक्त तिचीच नाही. काल संध्याकाळी फोन वाजला. शब्दकोशात काय आहे ते मला पाठ आहे, तरी तिच्याआधी मीच धावलो. मासिकवाले होते, लेख कधी देता म्हणून.

पोच दे.

तुझाच,
पंतोजी